उकालो-ओरालो : चौदा जणांचं दार्जिलिंग

हॉटेलवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, "चौरस्त्यापासून पाच मिनिटं." खोटं नव्हतं. फक्त ती पाच मिनिटं खाली उतरतानाची होती. तेच अंतर वर चढायला आमच्या मोठ्या काकांना (वय 74, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) पंचवीस मिनिटं लागली, आणि वाटेत तीनदा कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागलं. भाचीनं पायऱ्या मोजल्या, 138 भरल्या. पुढचे चार दिवस आमच्या सहलीचं वेळापत्रक या 138 पायऱ्यांनी ठरवलं.

नेपाळीत चढाला उकालो म्हणतात आणि उताराला ओरालो. दार्जिलिंगमध्ये अंतर विचारताना "किती लांब?" असं विचारण्यात अर्थ नाही. "उकालो की ओरालो?" हे विचारायचं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 2,050 मीटरवर आहे. या उंचीचा धसका घेऊन आमच्याकडे दोघांनी डॉक्टरांना फोन केले होते. श्वासाचा त्रास कुणालाच झाला नाही. त्रास झाला तो गावातल्या गावात असलेल्या उंचीचा. सगळं गाव एका डोंगराच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांनी लटकलेलं आहे, आणि चौरस्ता, म्हणजे फिरायचं मुख्य ठिकाण, वरच्या धारेवर. तिथे गाड्या येत नाहीत. तेव्हा हॉटेल बुक करताना नाश्ता आहे का, टीव्ही आहे का, याआधी तीन गोष्टी विचारा: गाडी दारापर्यंत येते का, दारापासून चौरस्त्यापर्यंत पायऱ्या किती, आणि लिफ्ट आहे का. चौथी गोष्ट पाण्याची. या गावात पाण्याची कायमची टंचाई आहे आणि टँकर गल्लीबोळांतून फिरत असतात. गरम पाणी किती वाजता येतं ते आधी विचारून घेतलं तर सकाळी सातला चौदा जणांची बादलीवरून भांडणं होत नाहीत. रूम हीटरचे पैसेही बऱ्याच ठिकाणी वेगळे लावतात.

आता मुळापासून. गणपतीत सगळे एकत्र जमलो तेव्हा मोदक खाता खाता 19 जणांनी "आम्ही नक्की" म्हणून सांगितलं. पैसे मागितल्यावर 16 राहिले, आणि प्रत्यक्ष निघालो ते 14. म्हणून हात किती वर झाले ते मोजू नका, आगाऊ रक्कम कुणाकुणाची आली तेवढंच मोजा. आम्ही माणशी ठरावीक रक्कम एकाच्या खात्यात गोळा केली आणि वाटेतला चहा-पाण्याचा, हमालांचा, पार्किंगचा खर्च त्या फंडातून केला. खरेदी ज्याची त्यानं. हा नियम आत्यानं केला आणि तिनंच सगळ्यात जास्त शाली घेतल्या.

जायला दोन रस्ते आहेत. मुंबईहून बागडोग्र्याला (डोंगराच्या पायथ्याचा विमानतळ) थेट विमान मिळतं, तीन तासांच्या आसपास. पण चौदा तिकिटांचा आकडा बघून आम्ही जाताना कोलकात्यापर्यंत विमानानं आणि पुढे सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल असं केलं. ही गाडी दहाच्या सुमाराला सुटते आणि सकाळी पायथ्याच्या न्यू जलपाईगुडी स्टेशनला पोचवते. एक रात्रीचं हॉटेल वाचतं आणि पोरांना वरचा बर्थ मिळतो. स्टेशन सियालदह आहे, हावडा नव्हे. हे ग्रुपवर मोठ्या अक्षरांत टाका, कारण आमच्यातल्या एकानं टॅक्सीवाल्याला हावडाच सांगितलं होतं.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात. त्यामुळे चौदाची तीन तिकिटं होणारच. ती सहा-सहा-दोन अशी करा, आणि त्या दोनांत घरातले ज्येष्ठ घ्या. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा असतो तो तिकिटावर एक किंवा दोघेच असले तर लागतो. काका-काकूंना सहा जणांच्या तिकिटात कोंबलं की तो हक्क गेला. आम्ही हे केलं, आणि सगळ्या नियोजनात मला शाबासकी मिळाली ती एवढ्याच गोष्टीची.

न्यू जलपाईगुडीला उतरल्यावर दोन मोठ्या जीप घेतल्या. हिशोब सोपा होता: एका गाडीत सात. चालक तर दहा म्हणत होता, आणि तिथल्या वडाप जीपमध्ये खरोखर दहा जण बसतातही. पण मागच्या आडव्या सीटवर बसून रोहिणीच्या घाटरस्त्याच्या वळणांवरून कर्सियांग गावापर्यंत जाणं म्हणजे काय ते ज्याच्या पोटात पोहे आहेत त्यालाच कळतं. दोन जणांना उलट्या झाल्या, तिसरा होणार होता. परतताना आम्ही सरळ तीन गाड्या केल्या. जादा गाडीचे पैसे चौदांत वाटले की माणशी फार पडत नाहीत. मागची सीट सामानाला ठेवा, माणसांना नको. उलटीची गोळी गाडीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नव्हे. टपावर सामान बांधणार असाल तर जाड प्लास्टिक घरूनच न्या.

वाटेतल्या घूम गावापासून दार्जिलिंग जेमतेम सात-आठ किलोमीटर आहे, पण त्याला आम्हाला तास लागला. रस्ता अरुंद, त्याच्या कडेनं आणि मधूनच त्याला ओलांडत जाणारे छोट्या गाडीचे (टॉय ट्रेनचे) ते इवलेसे रूळ, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी काही ठरवू नका. आम्ही "चारपर्यंत पोचू, मग सूर्यास्त बघू" असं लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबरात तिथे पावणेपाचलाच सूर्य जातो! घड्याळ आपलंच, पण देशाच्या पूर्वेला इतकं लांब गेल्यावर मुंबईच्या मानानं दिवस तासभर आधीच आटोपतो. साडेपाचला काळोख, आठनंतर दुकानं बंद. रात्री नऊला जेवायची सवय असलेल्या आपल्या लोकांची पहिल्या दिवशी पंचाईत होते. आमची झाली, आणि आम्ही खाकरे खाऊन झोपलो.

गाडी थांबते तिथून हॉटेलपर्यंत सामान न्यायला हमाल मिळतात, त्यांत बायकाही असतात. कपाळावर पट्टा घेऊन पाठीवर दोन-दोन बॅगा लादून त्या उकालो चढतात. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. पैसे आधी ठरवा, पण फार घासाघीस करू नका. त्या पायऱ्या तुम्ही नुसत्या हातानं चढून बघा म्हणजे कळेल.

दुसऱ्या दिवशी सूर्योदय बघायला टायगर हिल. इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली असती, ती वहिनीनं थांबवली. मी चौदाही जणांना साडेतीनला उठवणार होतो. ती म्हणाली, "अरे, काकांना कशाला? ते बघतील त्यांचं त्यांचं." मग आठ जण टायगर हिलला गेलो आणि सहा जण झोपले. टायगर हिल साधारण 2,590 मीटरवर आहे, गारठा कडाक्याचा आणि गर्दी लालबागच्या रांगेसारखी. कांचनजंगा (8,586 मीटर) आधी राखाडी, मग गुलाबी, मग केशरी होत गेली तेव्हा मात्र ती गर्दी क्षणभर गप्प झाली. एव्हरेस्टही दिसतं, पण लांब कोपऱ्यात, आणि शेजारचा मकालू जवळ असल्यामुळे त्याच्यापेक्षा मोठा वाटतो. एका काकांनी मकालूलाच एव्हरेस्ट समजून फोटो घरी पाठवला. आम्ही सांगितलं नाही.

परत आलो तर मोठे काका आंघोळ करून तयार! चालकानं त्यांना गाडी जाते तिथपर्यंत वर सोडलं होतं आणि ते चौरस्त्याहून निघून ऑब्झर्व्हेटरी हिलभोवती फेरी मारून आले होते. हा रस्ता चौरस्त्यावरूनच सुरू होतो, टेकडीला वळसा घालून चौरस्त्यावरच येतो, जवळजवळ सपाट आहे, आणि उत्तरेच्या बाजूला बाकं आहेत. तिथे बसून आठ वाजता त्यांनी तीच कांचनजंगा पाहिली, हातात चहाचा कप घेऊन. ग्रुपमध्ये वयस्क असतील तर ही फेरी आधी ठरवा आणि टायगर हिल ज्याला हवं त्याला. टेकडीच्या माथ्यावर महाकालाचं देऊळ आहे, हिंदू आणि बौद्ध दोघेही तिथे पूजा करतात. पण तो चढ खडा आहे, आणि माकडं पिशव्या ओढतात.

तेव्हापासून आम्ही रोज दोन तुकड्या करत गेलो: उकालो आणि ओरालो. कुणी रुसलं नाही. उलट संध्याकाळी एकमेकांना सांगायला गोष्टी उरायच्या. भेटायची जागा ठरलेली, चौरस्त्यावरचा नेपाळी कवी भानुभक्तांचा पुतळा.

प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. आम्हाला हे बुधवारी रात्री कळलं, तेही एका चहावाल्याकडून. रेड पांडा आणि हिमबिबळ्या तिथे बघायचेच. त्याच आवारात हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे, 1953 साली एव्हरेस्ट सर झाल्यावर 1954 मध्ये सुरू झालेली, आणि तेनसिंग नोर्गे यांची समाधीही. आतही चढ आहेच.

छोटी गाडी: दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही साधारण दोन तासांची फेरी पुरे होते, मध्ये बतासिया लूपला, म्हणजे रूळ गोल वळसा घेतात तिथे, थांबा. पूर्ण मार्ग 88 किलोमीटरचा आहे, तो हौशी लोकांसाठी. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, चौदा जागा ऐनवेळी मिळत नाहीत. वाफेच्या इंजिनाचं तिकीट डिझेलपेक्षा बरंच महाग. काकांचं म्हणणं, "दोन फुटी रूळ तर आपल्या माथेरानलाही आहेत, त्यात काय!" खरं आहे, आणि डिझेल इंजिनंही दोन्हीकडे एकाच जातीची धावतात. वाफेचं घेतलंत तर पांढरे कपडे घालू नका, कोळशाचे कण बसतात.

खाण्याचं शाकाहारी लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. भाजीचे मोमो, थुक्पा (नूडल्सचं सूप), आलूदम, सेलरोटी (तांदळाच्या पिठाचं तळलेलं गोड कडं) मिळते आणि बाजारात मारवाडी भोजनालयंही आहेत. सूप कशाचं आहे ते मात्र विचारा. पाट्या वाचायला मजा येते, कारण नेपाळी देवनागरीतच लिहितात. "पसल" म्हणजे दुकान, "चिया" म्हणजे चहा. रस्त्याच्या वळणावर "बिस्तारै" वाचून पोरांनी त्याचा विस्तार केला. अर्थ आहे "सावकाश". दुकानदाराला "दाइ", बाईंना "दिदी" म्हटलं की चेहरे बदलतात.

चहा घेताना पाव किलोची पाकिटं भराभर उचलू नका. वसंतातला पानांचा पहिला बहर, मे-जूनमधला दुसरा, शरदातला, प्रत्येकाची चव आणि किंमत निराळी. करून दाखवणाऱ्या दुकानात बसा, 50-50 ग्रॅम घ्या. आणि त्यात दूध-आलं घालणार असाल तर महागडा पहिला बहर घेऊन पैसे वाया घालवू नका. आत्यानं घातलं.

परतताना मिरीकच्या वाटेनं आलो. वाटेत नेपाळच्या हद्दीवर पशुपती बाजार लागतो. तिकडे जायला नियमाप्रमाणे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं; नुसतं आधार 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या खालच्यांना चालतं. त्यामुळे काका-काकू आणि पोरं ऐटीत पलीकडे गेली, आणि मी, ज्यानं सगळ्यांना "आधार घ्या, आधार घ्या" म्हणून चार वेळा बजावलं होतं, गाडीत सामान सांभाळत बसलो.

बागडोग्र्याहून सकाळचं विमान असेल तर मुंबईकडे येताना उजवीकडच्या खिडक्या घ्या. हवा स्वच्छ असली तर बर्फाची रांग बराच वेळ सोबत येते.