रात्री झोपताना एक

स्किन ओपीडीत अंगावर पित्त उठणारा पेशंट येतो तेव्हा अंगावर बहुतेक वेळा काहीच नसतं. घरून निघताना पाठभर गांधी, लातूरला पोचेपर्यंत कातडी कोरी, आणि तो बिचारा ओशाळून सांगत असतो की मॅडम खरंच होतं हो. म्हणून मी आधी मोबाईल मागते. हा पेशंट मोबाईल हातात धरूनच आत आला. चाळिशीच्या आतला, लातूर-पुणे स्लीपर गाडीवर ड्रायव्हर, सोबत बायको आणि बायकोच्या पिशवीत जाडजूड फाईल. फोटोत मांड्या, पोट, कंबर सगळीकडं लाल फुगीर चट्टे. आठ महिने झाले होते, एक दिवसाआड तरी उठायचंच.

फाईलीत वरच ॲलर्जी पॅनेलचा, म्हणजे कशाकशाची ॲलर्जी आहे ते रक्तावरून सांगणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट. या पॅनेलवर माझा राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. ढीगभर पदार्थांची यादी, त्यात वांगं, शेंगदाणा, अंडं, तूरडाळ यांच्यापुढं लाल खुणा, म्हणून ते सगळं बंद. लातूरच्या माणसाची तूरडाळ बंद! सहा आठवड्यांच्या पुढं गेलेलं, कारण नसताना उठणारं पित्त सहसा खाण्यामुळं नसतं. खाण्याची खरी ॲलर्जी असेल तर ते पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत दिसते आणि दर वेळी दिसते. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीची अँटीबॉडी, सापडलं म्हणजे त्यानंच गांधी उठतात असं होत नाही. तरी पॅकेज विकलं जातं, पेशंट हजारो रुपये भरतो आणि वर उपाशी राहतो. त्याची बायको सांगत होती, "मॅडम, यांना डब्यात काय द्यावं तेच कळंना झालंय." आमसुलाचं पाणी तेवढं ती रोज लावायची. त्याला मी हो म्हटलं, त्यानं नुकसान काही नाही, थोडं गार वाटतं.

पॅनेलच्या खाली वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. गोळ्या बदललेल्या, लेव्होसेट्रिझिन, हायड्रॉक्सिझिन, मग परत लेव्होसेट्रिझिन, पण ओळ सगळीकडं तीच, रात्री झोपताना एक.

मी विचारलं, "गोळी कधी घेता?"

"जेवण झालं की. साडेआठला."

"आणि गाडी?"

"साडेनऊला सुटती."

बायको एकदम त्याच्याकडं बघायला लागली. म्हणजे हे तिलाही माहीत नव्हतं. मग त्यानं हळूहळू सांगितलं, की टेंभुर्णीच्या पुढं एकदा पहाटेच्या सुमाराला चाकं डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरली, क्लीनर ओरडला म्हणून स्टिअरिंग सरळ झालं. मागं सगळे पॅसेंजर झोपलेले. त्या दिवसापासून ड्युटीवर गोळी बंद. आणि गोळी बंद म्हणून गांधी जास्त, आणि गांधी जास्त म्हणून सकाळी उतरला की घराजवळच्या एका दवाखान्यात जाऊन इंजेक्शन. अव्हिल आणि डेक्सा एकाच सिरिंजमध्ये, अर्ध्या तासात गांधी साफ, दिवसभर झोप. आठवड्याला दोन-तीनदा हे चाललेलं. चेहरा बघूनच मला शंका आली होती, गाल गोल आणि तकतकीत, उपाशीपोटीची शुगर बघितली तर १५८. डेक्सा म्हणजे स्टेरॉईड, अचानक उठलेल्या जोराच्या पित्ताला तोंडानं थोडे दिवस दिलं तर समजू शकते, पण महिनोन् महिने टोचत राहायचं ते औषध नाही. लोकांचं उलटंच असतं, रोजच्या गोळीला घाबरतात, सवय लागेल म्हणतात, आणि इंजेक्शनला बाही वर करून तयार.

गाडीवर असताना गोळी का नको हे त्याला अनुभवानं कळलंच होतं, पण ते किती खरं आहे हे इथं लिहिते. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ४० जणांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या यंत्रावर, बसवलं होतं. डायफेनहायड्रामिन, म्हणजे जुन्या पिढीतलं अँटीहिस्टामिन (पित्त-सर्दीवरचं, हिस्टामिन अडवणारं औषध), घेतलेल्यांची गाडी दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट चालली, आणि नव्या पिढीतल्या फेक्सोफेनाडिनवाल्यांची डमी गोळीवाल्यांसारखीच. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की किती झोप येतेय असं माणसाला वाटतं त्यावरून तो किती वाईट चालवेल हे नीट सांगता आलं नाही. म्हणजे "मला नाही येत झोप, मला सवय आहे" याला काही अर्थ नाही. अव्हिल, सर्दीच्या गोळ्यांतलं सीपीएम (क्लोरफेनिरामिन), हायड्रॉक्सिझिन ही सगळी त्याच जुन्या घरातली, सहज मेंदूत शिरणारी. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन नव्या पिढीतली असली तरी काहींना सुस्ती येतेच.

मग तपासणी. बॉलपेनच्या मागच्या टोकानं त्याच्या हातावर आतल्या बाजूला एक रेघ ओढली आणि पाच-सात मिनिटं गप्पा मारल्या. रेघ फुगून आली, नुसती लाल नाही, बोटाला लागेल अशी उंच, म्हणजे नुसत्या घासण्यानंही पित्त उठत होतं. पँटच्या पट्ट्याखाली एक ताजी गांधी होती, तिच्याभोवती पेननं गोल काढला, शेजारी वेळ लिहिली आणि सांगितलं की उद्या याच वेळेला फोटो पाठवा. हे मी आवर्जून करते. साध्या पित्ताची एक-एक गांधी चोवीस तासांच्या आत मागं डाग न ठेवता जाते, नव्या दुसरीकडं उठतात म्हणून ती सतत आहे असं वाटतं. तीच गांधी दोन दिवस तिथंच राहिली, आग झाली, जाताना काळा-निळा डाग ठेवून गेली तर तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो, तिथं बायोप्सी लागते. दुसऱ्या दिवशी फोटो आला, शाईचा गोल जागेवर, आत काही नाही.

आणि मग मी जे सगळ्यांना विचारते ते विचारलं, "दुखण्याबिखण्याची गोळी?" तो नाही म्हणाला. बायको म्हणाली, "कमरेची रोज खातायत की!" मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफिनॅक, ड्रायव्हर सीटवर दहा-दहा तास बसून कंबर जाते त्याची. ही गोळी त्याच्या लेखी औषधच नव्हती. रोज पित्त उठणाऱ्यांमध्ये बऱ्याच जणांना अशा पेनकिलरनं ते भडकतं. ती बंद केली, अगदीच लागली तर पॅरासिटामॉल.

त्याला एकच प्रश्न होता, "पण मॅडम, कारण काय?" मी सांगितलं, कातडीतल्या मास्ट सेल नावाच्या पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात म्हणून फुगतं आणि नसांना टोचतं म्हणून खाजतं. या पेशींना बऱ्याचदा आपल्याच शरीरातली अँटीबॉडी डिवचते, बाहेरचा कोणी नसतो. गोळीचं काम हिस्टामिनच्या आधी जाऊन जागा अडवायचं, म्हणून गांधी उठल्यावर नाही, रोज घ्यायची, काही उठलेलं नसलं तरी घ्यायची. तो ऐकून गप्प बसला. पटलं नाही हे दिसत होतं, कारण म्हणून त्याला वांगं परवडलं असतं.

फेक्सोफेनाडिन १८० सुरू केली, सकाळी घरी उतरल्यावर, साध्या पाण्याबरोबर, फळांच्या रसाबरोबर नाही कारण संत्र्या-सफरचंदाच्या रसानं ती कमी शोषली जाते. पहिले चार दिवस सुट्टी काढायला लावली, म्हटलं आधी घरी बघू कसं वाटतंय. दोन आठवड्यांनी निम्मा फरक, मग तीच गोळी दिवसातून दोनदा. याच औषधाचा डोस चारपटीपर्यंत वाढवता येतो, चार वेगळ्या गोळ्यांची मिसळ करण्यापेक्षा ते बरं, तेवढ्यानंही नाही जमलं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, पण त्याची किंमत त्याला झेपणारी नाही आणि सुदैवानं गरजही पडली नाही. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला तर गोळी शोधत बसायचं नाही, गाडी बाजूला, १०८, तिथं ॲड्रिनालिनचं इंजेक्शन लागतं, हे दोघांकडून वदवून घेतलं.

आता तो बरा आहे. तूरडाळ खातोय, शुगर उतरलीय, आठवड्यात एखादी गांधी दिसली तर दिसली. पण मागच्या वेळी त्यानं सहज सांगितलं की गाडीच्या डॅशबोर्डवर सर्दीच्या गोळ्यांची पट्टी कायम असते, जोडीदार ड्रायव्हर नाक वाहायला लागलं की एक घेतो. मी पट्टी मागवली, त्यात सीपीएम. म्हटलं मालकांशी बोलू का, तर हात जोडले, "नको मॅडम, माझी लाईन जाईल." त्याचं नाव न घेता बोलता येईल का यावर मी अजून विचार करतेय, आणि दुसरीकडं वाटतं की त्या गाडीत रोज रात्री तीसेक माणसं झोपतात, ती कोणाची पेशंट?

तोवर त्यानंच मार्ग काढला. ड्रायव्हरनं गाडीवर काय घ्यायचं नाही ते मराठीत लिहून द्या म्हणाला. मी लेटरहेडवर ठळक अक्षरात लिहून दिलं, त्याचा फोटो ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर गेला, आणि आता त्याच्यामार्फत उलटे प्रश्न येतायत. कालचा होता, खोकल्याचं औषध चालतं का. बेनाड्रिलच्या बाटलीवर बारीक अक्षरात तेच डायफेनहायड्रामिन असतं, तेव्हा दुसरा कागद लिहायला घेतलाय.