हातचा न येणारा गुणाकार

रविवारी लेकीला चौकटींच्या वहीत नऊ एक लिहायला सांगितले, त्यांच्याखाली पुन्हा नऊ एक, आणि म्हटलं, आता गुण. आदल्या रात्री मी तिला १११११११११ चा वर्ग एक्सेलमध्ये दाखवायला गेले, तर उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. दिवसभर माझे हिशेब एक्सेलवरच चालतात, पण पंधरा अंकांपुढचं ते धरत नाही, शून्यं भरतं. शेवटी एक असलेल्या संख्येचा वर्ग शून्यावर संपेलच कसा? लेकीनेच ते पकडलं.

हाताने केलं की सगळं डोळ्यांसमोर येतं. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज उजवीकडून १, २, ३ अशी चढत मधल्या रकान्यात ९ होते आणि मग उतरते. नवाच्या वर कुठे जातच नाही, म्हणून हातचा एकदाही येत नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटीकडून वाचलं तरी तेच.

ही डेम्लो संख्या. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे नाव दिलं. ६१७४ या, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्येमुळे ते जगाला माहीत झाले, पण मला ते जवळचे वाटतात ते या नावामुळे. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या ज्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली ते डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. मी रोज तिथूनच लोकल पकडते. त्या गर्दीत कुणाला तरी असलं काही सुचलं होतं, हे आठवलं की मला अजून भरून येतं.

संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, आनंद देणाऱ्या. याहून चांगलं नाव मला सुचत नाही. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग. आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यामुळे विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. बाकीच्यांच्या जोड्या लागतात, वर्गमूळ तेवढं एकटं उरतं.

मग लेकीने आपणहून दहावा एक लिहिला. मधल्या रकान्यात दहा झाले, शून्य मांडून हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा. १२३४५६७९००९८७६५४३२१.

“आई, डावीकडचा आठ कुठे गेला?”

मी त्या रकान्यावर बोट ठेवलं. आठात हातचा मिळवून तिनेच तिथे नऊ लिहिला होता.