संत्रा बागेची तापमान-नोंद : हरवलेली फाइल आणि सापेक्ष मार्ग

आंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण दिल्यापासून वरूड तालुक्यातल्या आमच्या संत्रा बागेत, मोटारीच्या खोलीत बसवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक दर पंधरा मिनिटांनी मातीचे तापमान टिपतो. त्यासाठी लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, हाताने चालवताना बिनचूक चालत होती. ती क्रॉनच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली केल्यावर मात्र चार रात्री नोंदींच्या सीएसव्ही फाइलमध्ये एकही ओळ वाढली नाही. मी डीएस१८बी२० या तापमान-सेन्सरच्या वायरी तपासल्या, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बदलून पाहिला, आणि शेवटी त्याच नावाची दुसरी फाइल होम डिरेक्टरीत, म्हणजे वापरकर्त्याच्या मूळ फोल्डरमध्ये, सापडली. चारही रात्रींच्या सगळ्या ओळी तिच्यात होत्या.

कारण समजल्यावर पहिल्यांदा जाणवले की सापेक्ष मार्गाबद्दल, म्हणजे मुळापासून पूर्ण न लिहिलेल्या फाइलच्या पत्त्याबद्दल, माझी समजूतच चुकीची होती. फाइलचे नुसते नाव लिहिले की ती स्क्रिप्टच्या शेजारी शोधली जाईल, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो मार्ग चालू प्रोसेस (चालत असलेला प्रोग्रॅम) ज्या डिरेक्टरीत उभी असते तिथून मोजला जातो, आणि क्रॉन प्रत्येक काम वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतून सुरू करतो. ‘दुसऱ्या धुऱ्यावरून डावीकडे’ असे कोणाला सांगितले, तर तो कुठे उभा आहे यावरच तो कोणत्या वावरात पोहोचेल हे ठरते. सातबारावरचा गट क्रमांक सांगितला तर तो प्रश्न उरत नाही. सेन्सरचा मार्ग मी सुरुवातीपासून ‘सिस’ डिरेक्टरीपासून पूर्ण लिहिला होता, म्हणून वाचन एकदाही चुकले नाही.

पहिला उपाय म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला डॉलर-शून्यावर (स्क्रिप्ट ज्या मार्गाने चालवली तो मार्ग धरणारा चल) ‘डिरनेम’ ही मार्गातली डिरेक्टरी काढणारी आज्ञा चालवून त्या डिरेक्टरीत ‘सीडी’ केले, म्हणजे स्क्रिप्टची जागा तिथे हलवली. फोल्डरच्या नावात रिकामी जागा असल्याने दुहेरी अवतरणचिन्हे आवश्यक होती, आणि ‘सीडी’ फसल्यास स्क्रिप्ट तिथेच थांबवणे त्याहून आवश्यक होते, कारण पुढे जुन्या फाइली पुसणारी आज्ञा आहे आणि ती भलत्या डिरेक्टरीत चालणे मला परवडणारे नव्हते.

हा उपाय दोन दिवस टिकला. धाकट्या भावाला कुठूनही नोंद पाहता यावी म्हणून मी ‘बिन’ फोल्डरमध्ये स्क्रिप्टची सिम्बॉलिक लिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवली, तेव्हा डॉलर-शून्यात लिंकचा मार्ग आला आणि स्क्रिप्ट ‘बिन’मध्येच नोंदी शोधू लागली. ‘रीडलिंक’ या आज्ञेला ‘एफ’ हा पर्याय देऊन खरी जागा आधी काढल्यावर ते सुटले.

सामाईक फंक्शनांच्या फाइलने जास्त वेळ घेतला. ती ‘सोर्स’ करून, म्हणजे दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये आत ओढून, वापरली जाते, त्यामुळे तिच्यात डॉलर-शून्य म्हणजे बोलावणारी स्क्रिप्ट असते. बॅश या शेलमध्ये (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) यासाठी ‘बॅश सोर्स’ हा ॲरे (चलांची यादी) आहे, पण पहिल्या ओळीत बॅशऐवजी ‘एसएच’ लिहिले असेल तर डेबियन लिनक्सवर डॅश हा दुसरा शेल चालतो आणि त्याला तो ॲरे कळत नाही. मी पहिली ओळ बदलली. आलेख काढणाऱ्या पायथन प्रोग्रॅममध्ये ‘फाइल’ या अंगभूत चलापासून पूर्ण मार्ग काढून त्याचा पालक, म्हणजे वरची डिरेक्टरी, घेतला की काम भागते.

यानंतर मी ‘सीडी’ची ओळच काढून टाकली, आणि या साऱ्या खटाटोपातला हाच बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाऊ गेल्या हंगामाची फाइल सापेक्ष मार्गाने देतो तेव्हा तो मार्ग त्याच्या टर्मिनलच्या जागेवरूनच मोजला गेला पाहिजे, आणि स्क्रिप्टने आधीच जागा बदलली तर त्याने बरोबर दिलेला मार्गही चुकीचा ठरतो. म्हणून आता स्क्रिप्ट स्वतःची डिरेक्टरी एका चलात जपते, स्वतःच्या फाइलींचे मार्ग त्या चलापासून बांधते आणि वापरकर्त्याने दिलेल्या मार्गांना हात लावत नाही.

काल संध्याकाळी मी ती स्क्रिप्ट रूट डिरेक्टरीमधून, ‘टीएमपी’ डिरेक्टरीमधून, लिंकवरून आणि क्रॉनमधून अशी चार ठिकाणांहून चालवली, आणि चारही ओळी एकाच सीएसव्हीत, लागोपाठ आल्या.