दुबईत हिरा खरंच स्वस्त?

आज दिवसभर हाच प्रश्न येत होता. पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्याचा घाऊक भाव जगभर डॉलरमध्येच ठरतो. फरक पडतो तो करात आणि दुकानदाराच्या नफ्यात. भारतात सुट्या हिऱ्यावर जीएसटी १.५ टक्के, दागिन्यावर ३. दुबईत व्हॅट ५ (पर्यटकाला बराचसा परत मिळतो), हाँगकाँगला शून्य, लंडनला तब्बल २०! आणि तिथे दुकानातून हातात घेतलेल्या मालावर २०२१पासून परतावाही नाही.

खरी फसगत तुलनेत होते. ०.९५ कॅरेटचा (कॅरेट म्हणजे हिऱ्याच्या वजनाचं माप) भाव १.०० च्या हिऱ्याला लावतात. पण कॅरेट पूर्ण झालं की दरच उडी मारतो. रंग, शुद्धता, कट, फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात हिऱ्यातून दिसणारी चमक), प्रमाणपत्र देणारी लॅब, सगळं सारखं असेल तरच भाव ताडून बघा. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर भिंगातून प्रमाणपत्राशी जुळवा. घडणावळ बिलात वेगळी लिहून घ्या.