तुम्ही विचारलंत म्हणून: गिनीपिगसाठी कुठला पिंजरा घेऊ?

हा प्रश्न बहुतेक वेळा दुकानातल्या पिंजऱ्याच्या फोटोसकट येतो. दीड-दोन फूट लांब, खाली जाळी, जाळीखाली सरकता ट्रे. तो सशासाठी म्हणून विकतात. सशालाही तो छळच आहे. जाळीवर सतत उभं राहून गिनीपिगच्या तळव्यांची कातडी सोलवटते, मग जखम होते आणि ती चिघळली तर संसर्ग हाडापर्यंत जातो. तेव्हा तो पिंजरा घेऊ नका. दुमजलीही नको. गिनीपिग चढणारा प्राणी नव्हे, त्याला सपाट जमीन हवी. वरचा माळा जागेच्या हिशेबात धरायचा नाही.

दोघांना किमान साडेसात चौरस फूट लागतात, दोन्ही नर असतील तर दहा. एकटा मात्र आणू नका. हा कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८च्या नियमांनुसार एकटा गिनीपिग पाळताच येत नाही. दोन माद्या किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर घ्या. दुकानदार नर-मादी ओळखण्यात सर्रास चुकतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून तपासून घ्या. मादी व्यायल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते आणि नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करावं लागतं. या चक्रात अडकायचं नसेल तर तपासणी टाळू नका.

आता घर. कपाटाचे खण जोडायला मिळतात तशा चौदा इंची चौकोनी लोखंडी जाळ्या बारा घ्या. लांबीला चार-चार, रुंदीला दोन-दोन लावून केबल टायने बांधा. जाळीची भोकं दीड इंचाहून मोठी नकोत, पिल्लाचं डोकं अडकतं. तळासाठी फ्लेक्सवाल्याकडे मिळणारी सनपॅक शीट, म्हणजे आतून पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा आणा, चार-पाच मिलिमीटर जाडीची. ६७ बाय ३९ इंचांचा तुकडा कापा. चारही बाजूंनी सहा इंचांवर रेघ मारून कटर फक्त वरच्या थरातून फिरवा, आरपार नको. कोपऱ्यात त्या रेघेपर्यंत एकेकच काप द्या, बाजू उभ्या दुमडा आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. आत लावली तर कुरतडून खातील. ५५ बाय २७ इंचांची, म्हणजे दहा चौरस फुटांहून थोडी मोठी, न गळणारी परात तयार होते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वर झाकण हवंच. गॅलरीत ठेवायचा विचारही नको. मांजरं, घुशी आणि दुपारचं ऊन तिथं सहज पोचतात.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून लोक अंथरतात. त्याची बारीक धूळ श्वासात जाते, आणि देवदार-चिडाच्या लाकडातला उग्र वासही बाधतो. त्यापेक्षा खाली जुने टॉवेल आणि वर फ्लीसचं पांघरूण घाला. नवं फ्लीस पाणी वरच धरून ठेवतं, म्हणून आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा. कम्फर्टसारखं कापड मऊ करणारं काही वापरू नका. चमचाभर पाणी ओतून पाहा, खाली झिरपलं तर झालं. लेंड्या रोज झाडा, फ्लीस तीन-चार दिवसांनी बदला. टॉवेल-फ्लीसच्या जोड्या दोन असल्या की एक वाळत असताना दुसरी कामी येते.

लपायला प्रत्येकी एक खोका, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. एकाच दाराच्या घरात दबणारा कोंडला जातो आणि तिथंच चावाचावी होते. पाण्याच्या बाटल्या दोन, कारण एकीच्या नळीतली गोळी अडकली तर दुसरी चालू राहते. ती गोळी रोज बोटाने दाबून पाहा. चाक किंवा फिरता गोळा घेऊ नका, त्यांचा कणा त्यासाठी नाही.

खरा खर्च गवताचा. आहाराचा मोठा भाग वाळलं गवतच, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि ते गवत चावूनच झिजतात. जोडीला महिन्याला तीन-चार किलो धरा. आयात केलेलं टिमोथी महाग आहे. ओळखीच्या गोठ्यावर फवारणी न केलेलं, सावलीत वाळवलेलं मारवेल गवत मिळालं तर उत्तम. कडबा नको, त्याची ताटं जाड आणि टोकदार. लसूणघासात कॅल्शियम फार, मोठ्या झालेल्या गिनीपिगना त्याने मूतखडा होऊ शकतो. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीलाच द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. ते कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवा. कुबट वास आला तर सरळ टाका, झटकून खायला घालू नका.

क जीवनसत्त्व हे प्राणी माणसासारखंच स्वतः बनवू शकत नाहीत. किलोमागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम लागतं. पाव ढोबळी मिरचीत वीसेक मिलिग्रॅम सहज मिळतं. सोबत मूठभर कोथिंबीर आणि आठवड्यातून दोनदा पेरूची फोड. पाण्यात थेंब टाकू नका. जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं आणि चव बदलली की पाणी पिणंही कमी होतं. लंगडणं, हिरड्यांतून रक्त येणं ही कमतरतेची खूण. गोळीखाद्य प्रत्येकी रोज दोन टेबलस्पून, गिनीपिगचंच. सशाच्या गोळ्यांत क जीवनसत्त्व घातलेलं नसतं. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, दूध यातलं काहीही नाही.

खोली अठरा ते चोवीस अंशांत राहिली तर ठीक, तिशीपुढे धोका. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे एसीशिवाय काढणं अवघडच. निदान घरातली सगळ्यात गार खोली, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि टेकायला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. लाळ गळत असेल, श्वास भरभर चालत असेल तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि दवाखाना गाठा.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आठवड्यातून एकदा वापरा. पन्नास ग्रॅम घटले तर लक्ष ठेवा, शंभर घटले तर डॉक्टर. बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट पाहू नका, आतडी थांबतात. डॉक्टर मात्र प्राणी आणण्याआधीच शोधा, आणि फोनवर विचारा की गिनीपिगला तोंडाने अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देता का. ‘हो’ म्हणाले तर दुसरे शोधा: त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि काही दिवसांत जनावर दगावू शकतं.