तुम्ही विचारलंत म्हणून: नुसते खड्डे मोजून चंद्राचं वय कसं सांगता?

प्रश्न नेहमी तोच असतो, फक्त सूर बदलतो. व्याख्यान संपल्यावर शेवटच्या रांगेतून कुणीतरी कुतूहलाने विचारतं. ओळखीचे लोक जरा चाचरत विचारतात. आणि हातोडा घेऊन आयुष्यभर डोंगर तुडवलेले भूवैज्ञानिक विचारतात तेव्हा तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो: दगडाला हात न लावता, वरून काढलेल्या फोटोतले खड्डे मोजून, चंद्रावरचं अमुक मैदान तीन अब्ज वर्षांचं आहे असं तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?

आजवर मी याचं उत्तर दोन मिनिटांत देत आले. त्या उत्तराचा मला वीट आलाय. ते खरं आहे, पण पुरेसं नाही, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ते मला दर वेळी कळतं. म्हणून एकदा सगळं सांगते.

हे खड्डे, म्हणजे विवरं, अवकाशातून येऊन आदळलेल्या दगडांच्या आघाताने झाली हे इथे नव्याने सिद्ध करत नाही. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने आलेला दगड जमीन उकरत नाही, त्याचा स्फोट होतो, म्हणून तो तिरपा आला तरी विवर गोलच उमटतं, हेही तुम्हाला ठाऊक असेल. प्रश्न वयाचा आहे. कोरड्या धुळीवर पावसाचे टपोरे थेंब पडू लागले, तर थेंबांच्या खुणा मोजून पाऊस कधी सुरू झाला याचा अंदाज येतो. तसंच हे. लाव्हाचं एक मैदान थिजलं, त्या क्षणापासून त्याच्यावर आघातांची नोंद सुरू झाली. जितकी विवरं जास्त, तितकी जमीन जुनी. हवा नाही, वाहतं पाणी नाही, त्यामुळे मोठ्या खुणा अब्जावधी वर्षं टिकतात. एवढं म्हणून मी थांबत असे.

पण थेंब मोजता येतात ते धूळ पुरती भिजेपर्यंतच. चंद्राच्या उंच, फिकट भागांत विवरांवर विवरं इतकी बसली आहेत की नवं एखादं पडलं की जुनं एखादं पुसलं जातं. तिथे मोजणी पुढे सरकतच नाही. ‘किमान इतकं जुनं’ एवढंच म्हणता येतं. शिवाय मोजणीतून मिळते ती फक्त दाटी. तिचं वर्षांत रूपांतर करायला कुठेतरी खरा, प्रयोगशाळेत वय काढलेला दगड लागतोच. म्हणजे हातोडेवाल्यांचं निम्मं म्हणणं मला पहिल्यापासून मान्य आहे. उरलेलं निम्मं मान्य नाही, आणि त्याला कारण आहे.

१९६५ साली, चंद्रावरून दगड आणण्याच्या चार वर्षं आधी, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी कॅनडाच्या प्राचीन खडकांवरची आघात विवरं मोजली, त्यावरून आघातांचा वेग ठरवला आणि चंद्राच्या काळ्या मैदानांचं सरासरी वय सुमारे ३.६ अब्ज वर्षं असावं असं सांगितलं. १९६९ मध्ये अपोलो ११ ने शांतिसागर नावाच्या अशाच एका मैदानातून बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड, आणला. त्याचं वय निघालं ३.६ ते ३.९ अब्ज वर्षं. हार्टमन यांचं उत्तर दगडाला हात न लावता काढलेलं होतं. मला कुणी ‘नुसते खड्डे’ म्हटलं की पहिल्यांदा हे आठवतं, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

मग मला हेही सांगायला हवं की वरून पाहणाऱ्यांचा अंदाज साफ चुकलेलाही आहे. अपोलो १६ साठी चंद्रावरचा देकार्त परिसर निवडला तो तिथल्या टेकड्या आणि सपाट पट्टे ज्वालामुखीचे असणार, या भरवशावर. फोटोंवरून तसे नकाशेही तयार होते. एप्रिल १९७२ मध्ये जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक तिथे उतरले आणि लाव्हाचे दगड शोधू लागले. हाती आला तो ब्रेशिया: आघातांनी फुटलेल्या, काही ठिकाणी वितळलेल्या तुकड्यांचा पुन्हा घट्ट झालेला दगड. तो भाग ज्वालामुखीने नव्हे, आघातांनी घडवला होता. यात विवरमोजणीचा दोष नव्हता, जमिनीच्या स्वरूपाचा अर्थ लावण्यात फसगत झाली, हे मी नेहमी घाईघाईने जोडते. पण मोजणीच्या आधी कुठली जमीन एका वयाची धरायची याची हद्द आखावी लागते, आणि हद्द आखणं म्हणजे जमिनीचा अर्थ लावणंच. तेव्हा हा बचाव मला पूर्ण वाचवत नाही.

दाटीवरून वय सांगणारी जी रेषा आम्ही सगळे वापरतो, तिचे आधारही मोजकेच आहेत. अमेरिकेच्या अपोलो आणि सोव्हिएत लूना मोहिमांचे बहुतेक दगड ३.१ ते ३.९ अब्ज वर्षांच्या टप्प्यात दाटलेले. त्यानंतर एकदम एक अब्जाच्या अलीकडे कोपर्निकस, सुमारे ८० कोटी वर्षं, आणि टायको, सुमारे ११ कोटी. या दोन विवरांत कुणीही पाऊल ठेवलेलं नाही. कोपर्निकसचं वय अपोलो १२ च्या जागी सापडलेल्या काचकणांवरून काढलेलं. ते कण त्याच आघातात उडून आले असं धरून. टायकोचं वय अपोलो १७ जवळच्या एका दरडीवरून. दोन हजार किलोमीटर दूरच्या टायकोतून उडालेल्या दगडांनी ती पाडली असं धरून. दोन्ही तर्क चांगले आहेत. तरी तर्कच आहेत. आणि मधली दोन अब्ज वर्षं कित्येक दशकं कोरीच होती.

आता मुख्य गोष्ट सांगते. याविषयी मी फारसं कधी बोललेले नाही.

माझी एक सहकारी आणि मी वादळांच्या महासागरातलं, म्हणजे ओशनस प्रोसेलॅरममधलं, एक मैदान मोजत होतो. वय बहुधा त्याच कोऱ्या टप्प्यातलं. ठरवलं की दोघींनी स्वतंत्र मोजायचं आणि शेवटीच ताडून पाहायचं. काम कसं चालतं ते सांगते, कारण ‘मोजणं’ म्हटलं की लोकांना ते यंत्रासारखं वाटतं. पडद्यावर चांद्रयानाचा किंवा अमेरिकेच्या एलआरओ यानाचा फोटो, एका ठिपक्यात साधारण अर्धा मीटर जमीन किंवा त्याहून कमी. ऊन तिरपं असतं, त्यामुळे विवराची एक बाजू काळी आणि समोरची उजळ दिसते. ऊन कुठून येतंय हे डोक्यात पक्कं नसेल तर डोळा फसतो आणि खड्डे फुगवटे दिसू लागतात. मग फोटो फिरवून घ्यावा लागतो. कडेवर तीन बिंदू द्यायचे, वर्तुळ पूर्ण होतं, व्यास नोंदला जातो. ताजं विवर असलं की कड धारदार, आसपास फेकलेले धोंडे, प्रश्नच नाही. पण सूक्ष्म आघातांच्या सततच्या माऱ्याने कड झिजते, तळ भरत जातो, सावली फिकट होते, आणि शेवटी उरते ती एक उथळ खळगी, आहे म्हटली तर आहे. ती मोजायची की नाही?

मोठ्या विवरांवर आमचं एकमत होतं. लहानांवर आकडे फाटले. कारण शोधत गेलो तर भांडण एका पुंजक्याशी येऊन थांबलं. मैदानाच्या एका कोपऱ्यात उथळ, एकमेकांत शिरलेली, थोडी लांबट विवरं होती. मला ती दुय्यम वाटत होती, म्हणजे दूर कुठेतरी मोठा आघात झाला तेव्हा उडालेले धोंडे एकाच वेळी येऊन पडले त्यांची. त्यांच्यामधली माती इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कंगोऱ्यांत रचली गेली होती आणि कंगोऱ्यांचा रोख कोपर्निकसकडे होता. अशी विवरं मोजली तर एका क्षणात पडलेला पाऊस कोट्यवधी वर्षांचा म्हणून धरला जातो. मी तो पुंजका वगळला. ती म्हणाली, कंगोरे स्पष्ट आहेत ते फक्त अर्ध्या भागात. बाकीची गोल आहेत, सुटी आहेत, त्यांना कशाच्या आधारावर वगळतेस? आणि मैदानभर विखुरलेली दुय्यम विवरं तू तशीही मोजलीच असशील, कारण ती ओळखूच येत नाहीत. तिचा मुद्दा खोडता येत नव्हता. माझाही नव्हता. तिच्या मोजणीने ते मैदान माझ्या मोजणीपेक्षा जवळजवळ एक अब्ज वर्षांनी जुनं ठरत होतं.

आम्ही दोन्ही उत्तरं लिहिली, दोन्ही हद्दी नकाशावर दाखवल्या, फरक का पडतो ते मांडलं. मला तो आमच्या कामाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटत होता. आढावा घेणाऱ्या वरिष्ठांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, “मग तुमच्या दोघींपैकी चुकीचं कोण आहे?” कुणीच नाही, असं मी म्हटलं. “असं चालत नाही. एक आकडा द्या. जमत नसेल तर सरासरी काढा.”

सरासरी कशाची काढायची होती? ती दोन मापं नव्हती. एकाच जमिनीचे दोन अर्थ होते, आणि मधला आकडा त्यांपैकी कुणाचाच नव्हता. पुंजका दुय्यम असेल तर माझं वय, नसेल तर तिचं. अर्धा दुय्यम असेल तर काय, तेही आम्ही काढून दाखवलं होतं. मी नकार दिला. तिनेही दिला. लेख अडकला. दुरुस्त्या मागितल्या गेल्या, त्या करून दिल्या, पुन्हा तोच शेरा आला. या काळात तिची शिष्यवृत्ती संपली. पुढच्या जागेसाठी दाखवायला तिच्याजवळ छापलेलं काही नव्हतं. ती दुसऱ्या कामाकडे वळली आणि मी टिकले, एवढ्याचसाठी की माझ्या हातात आधीचं काम होतं.

एक आकडा दिला असता तर? ती आज इथे असती, असं मी कित्येकदा स्वतःला सुनावलंय. मग वाटतं, तो आकडा पुढच्या सगळ्यांनी वापरला असता. मंगळाच्या, बुधाच्या मैदानांची वयं चंद्राच्याच रेषेवरून घेतलेली आहेत, आघातांच्या वेगाचा फरक धरून. इथली अब्जाची चूक तिथवर पसरते. नकार बरोबरच होता असं मला आजही वाटतं, आणि तिचं जे झालं ते बरोबर झालं असं एकदाही वाटलेलं नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-अ ५ ने त्याच महासागरातून, आमच्या मैदानापासून दूरच्या एका भागातून, १,७३१ ग्रॅम माती आणि दगड आणले. मोजणीवरून त्या जागेची वयं सव्वा अब्जापासून दोन अब्जांच्या पुढेपर्यंत सांगितली गेली होती. दगडाचं वय निघालं सुमारे दोन अब्ज. कोऱ्या टप्प्यात पहिला आधार मिळाला आणि रेषा मोडली नाही. २०२४ मध्ये चांग-अ ६ ने चंद्राच्या मागच्या बाजूचा बेसाल्ट आणला, २.८ अब्ज वर्षांचा. तोही रेषेशी जुळला. तुम्ही विचारता ‘कशाच्या जोरावर’, तर याच्या जोरावर. पण हेही पाहा, की एकाच जमिनीला आधी इतकी वेगवेगळी वयं का दिली गेली होती? कुठल्या हद्दी धरल्या, कुठले पुंजके वगळले, यावरून. आमचं भांडण त्या दगडाने मिटवलेलं नाही.

माझी ती सहकारी आणि मी अजून भांडतो, आता चंद्रावरच्या इनावरून. १९७१ मध्ये अपोलो १५ ने कक्षेतून टिपलेली ही जेमतेम तीन किलोमीटरची विचित्र खोलगट जागा. तिथल्या लाव्हाच्या उंचवट्यांवर विवरं इतकी थोडी आहेत की मोजणीवरून वय येतं अवघं ३.३ कोटी वर्षं. ते खरं असेल तर चंद्राचं अंतरंग कालपरवापर्यंत पेटतं होतं असं म्हणावं लागेल. दुसरा गट म्हणतो, तो लाव्हा फेसाळ, पोकळ आहे. आघाताची शक्ती पोकळ्या चिरडण्यातच जाते, विवरं लहान होतात, लवकर पुसली जातात, आणि खरं वय साडेतीन अब्जांच्या आसपास आहे. त्याच खुणा, आणि उत्तरांत शंभरपट फरक. २०२३ मध्ये नासाने इनाच्या दगडाचं वय जागेवरच काढणारं डिंपल नावाचं उपकरण निवडलं आहे. तिचं म्हणणं आहे की इना तरुण निघेल, कारण कडा अजून फार धारदार आहेत. मी म्हणते जुनी, कारण आजूबाजूचा सगळा लाव्हा जुना आहे आणि फेसाळ दगडात विवरं कशी बनतात ते आपण नीट तपासलेलंच नाही. दगड काही म्हणो, माझं मत तोवर हेच, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी इनाचे दोन्ही आकडे सांगणार आहे.