सत्तरी तालुक्यातल्या कुटुंबासाठी ईको निवडताना

गोव्यातल्या फोंड्यात मी जुन्या गाड्या तपासून देण्याचे काम करतो. गिऱ्हाईक गाडी पसंत करते, मी ती खालूनवरून पाहतो आणि घ्यावी की सोडावी ते सांगतो. या कामात गाडीपेक्षा माणसांची चौकशी करण्यात जास्त वेळ जातो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. गाडी रोज कोण चालवणार, मागे कोण बसणार, ओझे कसले आणि घरापर्यंतची वाट केवढी, हे कळल्याशिवाय मी बॉनेट उघडत नाही. मारुतीच्या ईको व्हॅनच्या बाबतीत तर बॉनेटही नव्हे, पुढची सीट उचलावी लागते, कारण इंजिन तिच्याखाली असते.

सत्तरीत वाळपईच्या पलीकडच्या एका गावातले हे कुटुंब. घरचे कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नारळ, सुपारी आणि केळी न्यायची, आणि पक्षाघाताने उजवी बाजू कमजोर झालेल्या आजींना फिजिओथेरपीसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, घेऊन जायचे. घरात माणसे सहा, म्हणून त्यांनी एका विक्रेत्याकडची २०१३ सालची सात आसनी ईको पसंत केली होती. विसार द्यायचा तेवढा बाकी होता.

गाडी दुरून चकचकीत दिसत होती. मी सरकत्या दरवाजापासून सुरुवात केली, कारण गोव्यात व्हॅनचे खरे वय तिथे कळते. दरवाजाच्या खालच्या रुळात लाल माती साचते, पावसाळ्यात ती ओली राहते, पाणी जायची भोके बुजतात आणि रूळ आतून कुजू लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यात खारा वारा, मग पत्रा किती टिकणार? दरवाजा हलका सरकला, म्हणजे रोलर नवे होते. परंतु खालच्या पट्टीवर काळ्या कोटिंगचा ताजा थर होता. मी विक्रेत्याची परवानगी घेऊन पेचकसाचे टोक तिथे टेकवले आणि जरा दाबले, तर ते आत गेले. पायाखालची चटई उचलली तेव्हा जोडाच्या रेषेवर पत्र्याचे पापुद्रे सुटलेले होते. गंजावर कोटिंग मारणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते, तरीही ते सर्रास केले जाते, आणि या गोष्टीची मला मनापासून चीड आहे. गंजलेल्या पट्टीला वेल्डिंग करता येते, पण दरवाजाची चौकट जिथे भार पेलते तिथला पत्रा गेला की ती गाडी आजारी माणसासाठी घेऊ नये.

मग मी सर्वांना थोडे थांबवून विचारले की सहाही जण एकत्र कधी निघतात. घरधनी म्हणाले, ‘चतुर्थीला, आणि कधी जत्रेला.’ एरवी गाडीत तिघे किंवा चौघे आणि पोती. सात आसनीत तिसरी रांग वर असली की मागे सामानाला जागाच उरत नाही, शिवाय तिथे बसलेल्या मुलांची पाठ मागच्या दरवाजाला जवळजवळ टेकते. मागून धक्का बसला तर मध्ये काही नसते. त्या सालच्या सात आसनीत एसीही नव्हता. सीएनजीचा विचार मी लगेच बाजूला ठेवला, कारण टाकी मागच्या जागेतच बसते आणि ती जागा यांना नारळासाठी हवी होती.

किंमत आणि मायलेज यांवर बोलणे पुरुषमंडळींचे चालले होते. गाडी रोज चालवणार होत्या त्या सूनबाई. त्यांना कोणी काही विचारले नव्हते, आणि हे मी जवळजवळ प्रत्येक कुटुंबात पाहतो. मी त्या वहिनींना चालकाच्या जागेवर बसायला सांगितले. त्यांनी पहिल्याच मिनिटाला दोन नेमके प्रश्न केले: पायांशी जागा इतकी अडचणीची का, आणि मागची चाके ओढतात तर रिकामी गाडी ओल्या चढावर घसरणार नाही का? पहिल्याचे कारण चाकाची कमान, ती बदलत नाही. दुसऱ्याचे उत्तर असे की मागे ओझे असले की पकड वाढते, रिकामी असताना टायर चांगले हवेत आणि पाय हलका हवा.

त्यानंतर आजींना गाडीत बसवून पाहिले. आजी डाव्या दरवाजातून चढल्या, तेव्हा पुढच्या सीटची पाठ त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या हाताशी आली. चांगला पाय आधी वर, मग दुसरा. उजव्या दरवाजातून तोच आधार कमजोर हाताकडे येतो आणि त्या अडकल्या. सीट उंच असल्याने खाली वाकून बसण्याचा आणि पुन्हा उठण्याचा त्रास नव्हता, फक्त पहिली पायरी जड होती. घरी दाराशी एक चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, ठेवता येईल, पण गोमेकॉच्या दारात तो नसणार, म्हणून घडीची पायरी सोबत ठेवा असे सांगितले. त्यांच्या घरची वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाते. १४७५ मिलिमीटर रुंदीची गाडी तिथून जाते, आणि गडग्याजवळ उघडणारा दरवाजा जिथे अर्ध्यावर अडेल तिथे सरकता पूर्ण उघडतो. त्यामुळे ईको हे मॉडेल योग्य होते, फक्त पसंत केलेली ती गंजकी गाडी योग्य नव्हती.

सुरक्षिततेचे मी लपवले नाही. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०१६ सालच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला मोठ्यांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नव्हता. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि चालकाची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली, तर २०२२च्या अखेरीस आलेल्या ईकोत पुढच्या दोन्ही एअरबॅग आहेत. शक्य असेल तर त्यानंतरचीच घ्या, असे मी निक्षून सांगितले. सासऱ्यांना किमतीतला फरक जड वाटला, तरी थोडे दिवस थांबून त्यांनी २०२३ सालची पाच आसनी एसी ईको घेतली. ती मीच तपासली.

मन अजून तिथे घुटमळते, कारण चतुर्थीच्या आधी घरधन्यांनी मागे मुलांसाठी आडवा बाक बसवून घेतला, पट्टा नसलेला, पत्र्याला भोके पाडून बोल्टने आवळलेला. मी नाही म्हटल्यावर ते काम दुसरीकडे झाले. नोंदणीतल्यापेक्षा जास्त आसने बसवणे कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर विम्याचाही वाद होतो. एका दिवसाच्या सोयीसाठी दोन टॅक्सी केल्या असत्या तरी चालले असते. वहिनींचा फोन आला तेव्हा मी म्हटले, ‘बाक काढा, आणि भोके तशीच ठेवू नका, प्रायमर आणि सीलंट लावून बुजवा, नाहीतर पावसात तिथूनच गंज धरेल.’ त्या म्हणाल्या, ‘मेस्त, बाक मी काढायला लावते, भोके बुजवायला गाडी तुमच्याकडे आणते.’ गाडी अजून आलेली नाही.